पक्षाची तेरवी

बीबीत कोणत्या पक्षाची हवा आहे, हे पेपरवाल्यांच्या आधी शेषराव मंडपवाल्याला कळायचं. सभेला किती खुर्च्या मागवल्या, आणि सभा संपल्यावर त्यातल्या किती खुर्च्यांवरची धूळ जशीच्या तशी होती, एवढं बघितलं की झालं. छत्रीवाल्यांना तोच मंडप द्यायचा, घागरवाल्यांनाही तोच. बारसं असो, लग्न असो, तेरवी असो, सगळ्यांना एकच भाव आणि सगळ्यांची एकसारखी टिंगल.

वय बावन्न, पोट सुटलेलं, मिशी रंगवलेली, आणि डोकं सातवीतल्या पोराचं. मागं एका सरपंचाच्या सत्काराला त्यानं हारात झेंडूसोबत लवंगी मिरच्या ओवल्या होत्या. सरपंचानं हार हातानं चाचपला, तोच हात डोळ्याला लावला, आणि पुढचं अख्खं भाषण रडत रडत केलं. लोक म्हणाले, किती हळवा माणूस!

पण शेषरावचं खरं गिऱ्हाईक एकच. निवृत्तीराव. घागर पक्षाचा तालुका अध्यक्ष, एकतीस वर्षं एकाच खुर्चीवर. पक्षाचं तालुक्याचं ऑफिसही त्यांनी लोणारला न ठेवता बीबीतच, बाजारपेठेत शेषरावच्या दुकानासमोर ठेवलं होतं. रोज सकाळी साडेसातला निवृत्तीराव येऊन शेषरावच्या दुकानापुढच्या बाकावर बसायचे, शेषराव काहीतरी खोडी काढायचा, निवृत्तीराव एक ठेवणीतली शिवी द्यायचे, मग दोघं चहा प्यायचे. ती शिवी कानावर पडल्याशिवाय शेषरावचं शटर पूर्ण वर जात नसे.

आणि मग त्या मंगळवारी विधानसभेचा निकाल लागला.

घागर म्हणजे काही काल आलेला पक्ष नव्हे. आजे-पणजे घागरीलाच मत देत आले. आणि निकाल कसा? राज्यात एवढेच आमदार निवडून आले की सगळे एका काळीपिवळीत बसले असते आणि ड्रायव्हरच्या शेजारी एक सीट रिकामी राहिली असती. बीबीत तर विचारूच नका. ज्या गावात घागरीचं बटन लोक डोळे मिटून दाबायचे, तिथं छत्री दुपटीनं पुढं. निवृत्तीरावांच्या घराजवळच्या बूथवरसुद्धा घागर पालथी.

बुधवारी बाक रिकामा. गुरुवारी रिकामा. शुक्रवारी शेषरावनं उगीच दोन चहा सांगितले आणि दोन्ही स्वतःच प्यायला.

शनिवारी निवृत्तीरावांची बायको अन्नपूर्णाबाई दळण घेऊन जाताना दुकानाशी थांबल्या.

"वहिनी, अध्यक्ष कुठी हाय?"

"घरातच. भिताडाकडं तोंड करून. बोलत नाही, चालत नाही. पुढच्या सोमवारी बुलढाण्याले जातो म्हणतात. राजीनामा देतो, अन ऑफिसची चाबी जिल्हाध्यक्षाच्या हातात ठेवतो."

"मंग झेडपी?"

"कायची झेडपी भाऊ? फोन आल्ता वरून. अध्यक्षच नसन तर बीबीची सीट आपण लढतच नाही म्हणे. मित्रपक्षाले देऊन टाकतो."

म्हणजे दोन महिन्यांवर आलेल्या जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत बीबीच्या मशीनवर घागर दिसणारच नव्हती. आणि एकदा मशीनवरून गेलेलं चिन्ह पुन्हा येत नसतं, हे शेषरावला चांगलं माहीत होतं. असे चार-पाच पक्ष त्याच्या डोळ्यांदेखत गेले होते. त्यांचे बॅनर अजून त्याच्या गोदामात खुर्च्यांवर झाकायला कामी येत होते.

एरवी शेषराव या गोष्टीवर पंधरा दिवस हसला असता. या वेळी हसू आलं नाही. कारण असं की, या वेळी त्यानं स्वतः छत्री दाबली होती.

आता का दाबली? काही कारण नाही हो! घागर येणारच होती. दर वेळी येते. निवृत्तीराव निवडणुकीच्या आधी महिनाभर असे चालायचे की जणू गावातला रस्ता त्यांच्या आजोबांनी सासऱ्याकडून आंदण घेतला आहे. शेषरावला वाटलं, एक चिमटा काढू. एका मतानं काय होतं? आतमध्ये गेला, छत्री दाबली, आणि बाहेर येऊन स्वतःलाच टाळी दिली. खोडी काढली की आनंद होतोच. ही पहिली खोडी, जिचा आनंद दोन दिवसही टिकला नाही.

रविवारी खुर्च्या पुसता पुसता त्याच्या डोक्यात आलं. निकाल मंगळवारी. मंगळवार पहिला दिवस धरला तर तेरावा दिवस बरोबर पुढच्या रविवारी येतो. आणि सोमवारी निवृत्तीराव बुलढाण्याला.

"जमलं!" शेषराव स्वतःशीच म्हणाला. हा माणूस सहानुभूतीनं बाहेर निघणार नाही. हा संतापानं निघेल. काठी घेऊन आपल्या मागं धावेल, आणि एकदा का रस्त्यावर आला की पुन्हा भिंतीकडं तोंड करून बसणार नाही.

संध्याकाळी गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज पडला. 'कळविण्यास अत्यंत दुःख होते की आपल्या सर्वांची लाडकी घागर दीर्घ आजाराने मंगळवारी निवर्तली. तिची तेरवी रविवारी सकाळी अकरा वाजता पक्ष कार्यालयासमोर ठेवली आहे. तरी सर्वांनी जेवायला यावे. शोकाकुल: शेषराव मंडपवाले. तळटीप: जेवताना रडू नये, वरण पातळ होते.'

गाव हसून हसून आडवं झालं. किराणा दुकानवाला शालिग्राम तर मोबाईल गल्ल्यात ठेवायचा, काढायचा, वाचायचा आणि पुन्हा हसायचा.

दुसऱ्या दिवशी शेषराव गहू गोळा करायला निघाला. मयताचं घर गरीब असलं की तेरवीचं धान्य गावात फिरून आणायची रीत होती. पक्षाइतकं गरीब आता कोण होतं? तो दारात उभा राहून ओरडायचा, "घागरीच्या तेरवीले पसाभर गहू द्या हो!" आणि गंमत बघा, लोक हसत हसत आत जायचे आणि बाहेर येताना सूपभर आणायचे. त्यातही ज्यांची नजर खाली, त्यांचं सूप काठोकाठ. शालिग्रामनं तर अर्धं पोतं तूरडाळ दिली आणि म्हणाला, "माह्यं नाव सांगजो नको."

"काऊन बे? पुण्य गुप्त ठेवतं का?"

"तू जाय ना बाप्पा पुढं!"

शेषरावला काहीतरी वेगळं वाटलं, पण गाडी भरत होती म्हणून तो पुढं गेला.

महादेवरावांकडं मात्र तो खास चहाच्या वेळी गेला. महादेवराव म्हणजे छत्रीचा तालुका अध्यक्ष. वीस वर्षं घागरीत काढून, निवडणुकीच्या सहा महिने आधी त्यांनी उडी मारली होती आणि सध्या त्यांच्या दारात गाड्या लावायला जागा नव्हती.

"महादेवराव, तुम्ही तर मयताचे सोयरे."

"मी? कसा काय?"

"वीस वर्षं त्या घरात नांदले, आता या घरात नांदून राह्यले. तुमच्यावानी सोयरा दुसरा कोण? तेरवीचा फेटा तुमच्याकडून."

तेराव्या दिवशी सोयऱ्यानं फेटा आणायचा आणि मयताच्या वारसाच्या डोक्याला बांधायचा, ही रीत. फेटा बांधला की दुखवटा सुटला आणि घराचा कारभार त्याच्या हातात गेला. महादेवरावांना ही कल्पना इतकी आवडली की त्यांचा चहा बशीतून लुंगीवर सांडला.

"आणतो! गुलाबी आणतो, जरीचा! अन व्हिडिओ काढाले पोरं बी आणतो. पण बांधशीन कोणाच्या डोक्याले बे? डोकं तर पाह्यजे!"

"ते पाहू ना तवाच."

आता राहिलं मुख्य काम. शेषराव निवृत्तीरावांच्या घरी गेला. दारात चप्पल काढली, पण पळायला सोपं जावं म्हणून तोंड बाहेरच्या बाजूला करून ठेवली. निवृत्तीराव खरंच भिंतीकडं तोंड करून पडले होते.

"अध्यक्ष, रविवारी तुमच्या पक्षाची तेरवी ठेवली म्या. निरोप द्याले आलो."

त्यानं अंग चोरून वाट पाहिली. काठी कोपऱ्यातच होती. निवृत्तीराव हळूच वळले, त्याच्याकडं बघितलं, आणि म्हणाले, "किती वाजता?"

"...अकरा."

"जेवण नीट घालजो. वांगे कच्चे ठेवजो नको."

आणि पुन्हा भिंतीकडं वळले.

शेषराव बाहेर आला. चप्पल घालायला सोपी होती, पण पळायचं कारणच उरलं नव्हतं. खोडी काढावी आणि समोरच्यानं ओरडू नये, यासारखी फजिती नाही. आता माघारही घेता येत नव्हती, कारण घरात सात पोती गहू पडले होते.

रविवार उजाडला. थंडी चांगली होती, पलीकडच्या शेतातली तूर शेंगांनी वाकली होती. शेषरावनं ऑफिससमोर मंडप टाकला, पन्नास खुर्च्या मांडल्या, एका पाटावर तांब्याची घागर ठेवली, तिला हार घातला, समोर उदबत्ती लावली. बाजूला सतरंजी. मयताचा मुलगा बसतो तिथं एक रिकामी घोंगडी, कारण बसणारं कोणी नव्हतं.

साडेदहाला पन्नास खुर्च्या भरल्या. पावणेअकराला अजून शंभर काढल्या. अकराला गोदामातल्या सगळ्या संपल्या आणि माणसं बाजारपेठेच्या ओट्यावर जाऊन बसली. महादेवराव पांढऱ्या शुभ्र कपड्यांत, चार कार्यकर्ते आणि गुलाबी फेट्याचं ताट घेऊन आले. हास्याची एक लाट त्यांच्या आगेमागे फिरत होती.

तेवढ्यात लाट थांबली.

निवृत्तीराव आले. धुतलेलं धोतर, टोपी, आणि खांद्यावर पंचा. मागं अन्नपूर्णाबाई. ते सरळ गेले आणि त्या रिकाम्या घोंगडीवर, मयताच्या मुलाच्या जागी, मांडी घालून बसले. पंचा मांडीवर ठेवला आणि समोरच्या घागरीकडं बघत राहिले.

आता तेरवीला मुलगा बसला की आलेल्यानं काय करायचं असतं? त्याच्यासमोर दोन मिनिटं बसायचं, दोन शब्द बोलायचे, मगच पंगतीला जायचं. हे हाडात मुरलेलं. गंमत म्हणून आलेला माणूसही समोर रिकामी घोंगडी असेपर्यंतच गंमत करतो. शालिग्राम सगळ्यात पुढं होता. त्याला मागं सरकायला जागा मिळाली नाही. तो जाऊन निवृत्तीरावांच्या समोर बसला.

दोन मिनिटं गेली.

"मोठी वाईट गोष्ट झाली," तो म्हणाला.

"हाव."

"तशी... तब्येत चांगली होती."

"हाव."

"निवृत्तीभाऊ," शालिग्राम एकदम फुटला, "म्या छत्री दाबली!"

मागच्या खुर्च्यांवरची माणसं नीट ऐकायला पुढं वाकली.

"काऊन?" निवृत्तीराव शांतपणे म्हणाले.

"घागर येतेच ना दर वक्ती! म्हटलं, जराक चिमटा काढू. माह्या एकट्याच्यानं काय होते! मले काय मालूम का..."

शेषराव वरणाच्या पातेल्याजवळ उभा होता. त्याच्या हातातला डाव तसाच राहिला. हे तर त्याचंच वाक्य होतं. शब्दाला शब्द.

शालिग्राम उठला. त्याच्या जागी दुसरा बसला. म्हणाला, "भाऊ, म्या बी. नुसती गंमत." तिसऱ्याचं म्हणणं, पाच वर्षांपूर्वी लेकीच्या लग्नाला निवृत्तीराव आले पण जेवले नाहीत, म्हणून. चौथा म्हणाला, त्याला बायकोनं सांगितलं होतं, आणि बायकोला वाटलं होतं की नवरा घागरीला देईल म्हणजे बरोबरी होईल. पाचवा प्रामाणिक निघाला: "मी पह्यल्यापासून छत्रीचाच. मी जेवाले आलो." निवृत्तीराव त्यालाही "बरं केलं" म्हणाले. कोणी रडत नव्हतं, कोणी ओरडत नव्हतं. एकेक जण बसायचा, आपलं सांगायचा, हलका होऊन उठायचा आणि पंगतीला जायचा. अख्ख्या गावानं एकमेकांना न सांगता एकच खोडी काढली होती, आणि प्रत्येकाला वाटत होतं की खोडकर आपण एकटेच.

निवृत्तीराव बोटांची पेरं मोजत होते. पेरं संपली तसे ते थांबले.

मग अन्नपूर्णाबाई बाजूनं उठल्या आणि नवऱ्यासमोर येऊन बसल्या.

"तू कायले बसतं?" निवृत्तीराव म्हणाले.

"सांगाले."

निवृत्तीरावांची टोपी किंचित हलली. "तू बी?"

"एकतीस वर्षं मीटिंगीचा चहा केला. एका वक्ती तरी इचारलं का, तुले काय वाटते? दर वक्ती सांगून जात, 'घागर दाबजो.' म्हटलं, एकदा माह्या मनानं दाबून पाहू. बोट छत्रीवर गेलं." त्या जरा थांबल्या. "घरी येऊन वाईट वाटलं. पण दाबतानी बरं वाटलं होतं."

कोणीतरी फिसकन हसलं. मग दुसरा. आणि मग निवृत्तीरावांच्या पोटातून काहीतरी वर आलं. ते खोकतात की हसतात, हे बराच वेळ कोणाला कळेना. हसतच होते. डोळे पुसत म्हणाले, "घरातली नऊ मतं मी मोजून बसलो होतो!"

वातावरण मोकळं झालं तसं महादेवरावांनी घड्याळ बघितलं. त्यांचा खेळ हातातून चालला होता. ते ताट घेऊन पुढं आले, मोबाईलवाल्या पोरांना खूण केली. "चला, फेट्याचा टाइम झाला. वारस कोण? बोलवा वारसाले!"

सगळ्यांनी निवृत्तीरावांकडं बघितलं. त्यांनी हात जोडले. "मी नाही. माह्या हातानं मेला पक्ष. उद्या राजीनामा देऊन राह्यलो. पोरगा पुण्याले हाय, त्याले घागर कशी धरतात ते बी मालूम नाही. मले फेटा बांधू नका."

"मंग शालिग्रामराव?"

शालिग्राम पंगतीत दोन माणसांच्या मागं लपला. आणखी चार-पाच नावं झाली. ज्याचं नाव यायचं तो खाली बघून बुंदी मोजायचा.

"नाही ना कोणी!" महादेवराव खूश झाले. "पाहा, पाहा, काढा रे व्हिडिओ. वारस नाही. फेटा वापस नेतो मी!"

"नेजो नको रे बाबा," मागून आवाज आला. तानाबाई. वय ऐंशीच्या पुढचं, हातात पोळीचा तुकडा. "तेरवीचा फेटा आणला का तो बांधूनच जा लागते. वापस नेला का दुखवटा मागं मागं घरी येते. माह्या नणंदेच्या सासरी नेल्ता. वरीस नाही झालं, त्याच घरातून दुसरी तिरडी निघाली."

महादेवरावांचा हसरा चेहरा तसाच राहिला, फक्त त्यातलं हसू निघून गेलं. हा माणूस प्रचाराला निघताना गाडीच्या चारही चाकांखाली लिंबू ठेवायचा. आणि येत्या माघात त्यांच्या लेकीचं, संजीवनीचं, लग्न ठरलेलं. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

"तानाबाई, हे तर गंमतीची तेरवी हाय."

"गहू गंमतीचा होता का? पोळी तर खरी लागून राह्यली."

पुढची दहा मिनिटं शेषराव जन्मभर विसरणार नाही. राज्यात जिंकलेल्या पक्षाचा तालुका अध्यक्ष हरलेल्या पक्षाचा वारस शोधत पंगतीतून हिंडत होता. "शालिग्रामभाऊ, घ्या ना. दोन महिन्यानं राजीनामा देजा." "अहो काका, नुसता डोक्यावर ठेवा, फोटो नाही काढत." शेवटी एकाला म्हणाला, "पक्ष असा मरू द्याचा नसते राजेहो! इरोधी पक्ष लागतेच ना लोकशाहीत!" यावर टाळ्या पडल्या, आणि त्याची पोरं हे सगळं इमानेइतबारे मोबाईलमध्ये घेत होती, कारण थांबवायला त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

शेषराव पातेल्याला टेकून पोट धरून हसत होता. महादेवरावांनी त्याला बघितलं.

"तू! तू केली न हे तेरवी? तूच घे फेटा!"

हसू जागच्या जागी थिजलं. मंडपवाल्यानं एका पक्षाचा फेटा घेतला की बाकीच्यांचे मंडप गेले. पण त्याहून वाईट म्हणजे, गाव बसून बोललं होतं, त्याचं मात्र सांगायचं राहिलं होतं. शेषराव डाव खाली ठेवून गेला आणि निवृत्तीरावांसमोर बसला.

"भाऊ, म्या बी छत्रीच..."

"मालूम हाय."

"कोणं सांगितलं?"

"मतदानाच्या दिवशी तू मले चहा पाजला अन एक बी खोडी काढली नाही. मी तवाच समजलो, याच्या पोटात काहीतरी हाय." निवृत्तीराव त्याच्या गुडघ्याचा आधार घेऊन उठले. "सरक बे, ढेरपोट्या."

शिवी तशी साधीच होती. पण पंधरा दिवसांनी ऐकलेली. शेषराव सरकला.

निवृत्तीरावांनी महादेवरावांच्या हातातलं ताट घेतलं आणि बायकांच्या पंगतीकडं गेले. तिथं पुष्पाबाई बसली होती. गावाबाहेर दोन एकरात वांगी, मेथी, कोथिंबीर लावते आणि बाजारात स्वतः विकते. ग्रामपंचायतीला दोनदा तिकीट मागितलं, निवृत्तीरावांनी दोन्ही वेळा "पुढच्या वक्ती" म्हणून परत पाठवलं. अख्ख्या गावात ती एकटीच होती, जी घोंगडीसमोर येऊन बसली नव्हती.

"पुष्पा, तू नाही आली सांगाले."

"मी कायले येऊ? मी तुमाले मतदानाच्या आधीच तोंडावर सांगितलं होतं का छत्रीले देतो म्हून." तिचा हात कढीनं भरलेला होता, तो तिनं ताटातच ठेवला. "भादव्यात आमची लायटीची डीपी जळाली. बारा दिवस लाइन नव्हती. तीन चकरा मारल्या तुमच्या ऑफिसले. तिन्ही वक्ती कुलूप. तुम्ही मुंबईले, कोण्या सायबाच्या वाढदिवसाले. वांगे उभे सुकले माहे. मंग कोणाले देऊ मत? कुलपाले?"

निवृत्तीरावांनी ताट तिच्यासमोर धरलं. फेट्याची जर उन्हात चमकत होती.

"म्हूनच आलो," ते म्हणाले. "मांगून बोलणारे दोनशे निघाले. आंधी बोलणारी तू एकटी. घे."

"बाईच्या डोक्याले फेटा?"

"मंग काय झालं?" तानाबाई पोळी चावत म्हणाल्या. "ज्या घरात पोरगा नसते तथी लेक बसते घोंगडीवर. माह्या बापाच्या तेरवीले मीच बसली होती."

पुष्पाबाईनं हात धुतला. पदराला पुसला. फेट्याकडं बघितलं, निवृत्तीरावांकडं बघितलं.

"रोज सकाळी नऊ ते अकरा दार उघडं राहीन. मी तथीच बसून भाजी विकन. कोणाची डीपी असो, राशन असो, ज्याचं काम त्यानं तथी या लागते, मंग तो छत्रीचा का असेना. अन तुम्ही खुर्चीवर नाही, सतरंजीवर बसान. अर्ज लेहून देसान. अक्षर चांगलं हाय तुमचं."

"बसन."

"मंग द्या."

तिनं फेटा डोक्याला बांधू दिला नाही. घडी करून खांद्यावर टाकला, जशी बाजारात गोणी टाकते तशी, आणि उरलेली कढी संपवायला बसली. सगळ्यात आधी आणि सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या त्या महादेवरावांनी. संजीवनीचं लग्न वाचलं होतं. तो व्हिडिओ दुपारपर्यंत लोणारला आणि संध्याकाळपर्यंत शेगावला पोचला. 'घागरीच्या नव्या अध्यक्षांचं अभिनंदन करताना छत्रीचे महादेवराव.' त्यांना त्यांच्या पक्षातून चार फोन आले म्हणतात. खरं-खोटं देव जाणे. फॉरवर्ड तर शेषरावनंच केला होता.

सोमवारी तिघं बुलढाण्याला गेले. शेषरावचं काही काम नव्हतं, पण ही मजा सोडणार कोण?

जिल्हा कार्यालयात दुखवट्याचीच कळा. टेबलावर तालुक्यातालुक्यातून आलेल्या राजीनाम्यांचा गठ्ठा, वर पेपरवेट, आणि त्यामागं जिल्हाध्यक्ष दाढी न केलेले. निवृत्तीरावांनी आपला राजीनामा ठेवला आणि त्यावर दुसरा कागद ठेवला, पुष्पाबाईच्या नावाचा: अध्यक्षपदही तिला, झेडपीचं तिकीटही तिलाच.

जिल्हाध्यक्षांनी वाचला, तिच्याकडं बघितलं. "ताई, पक्षात किती वर्षं आहात?"

"कालपासून."

"आणि या वेळी मतदान?"

"छत्रीले."

जिल्हाध्यक्षांनी चष्मा काढला. "निवृत्तीराव, ही काय थट्टा आहे? आपल्याला ज्यांनी मत दिलं, त्या निष्ठावंतांतून कोणी मिळालं नाही?"

"सायेब," निवृत्तीराव म्हणाले, "ज्याईनं आपल्याले मत देलं, त्याईलेच घेऊन पक्ष चालवाचा म्हटलं तर चालते. ऑफिसची गरज नाही, एक ऑटो पुरते. बाकीचे सारे सोडून गेलेलेच हाय. पक्ष वापस आणाचा असन, तर त्याईच्यातूनच आणा लागन. ह्या बाईनं काऊन सोडलं, ते तिनं मले तोंडावर सांगितलं. तुमाले सांगितलं का अजून कोणं?"

जिल्हाध्यक्ष गठ्ठ्याकडं बघत राहिले. त्या गठ्ठ्यात बावीस राजीनामे होते आणि बावीसही कागदांवर कारण एकच होतं: वैयक्तिक.

"बीबीची सीट मी काल मित्रपक्षाला तोंडी देऊन बसलो," ते शेवटी म्हणाले.

"तोंडीच हाय ना?" पुष्पाबाई म्हणाली. "मलेही दोन वक्ती तोंडीच भेटलं होतं. तोंडीचं काही खरं नसते."

जिल्हाध्यक्षांना पंधरा दिवसांत पहिल्यांदा हसू आलं असावं, कारण ते कसं आवरायचं हे त्यांना आठवेना. त्यांनी फोन उचलला, मित्रपक्षाच्या माणसाला काहीतरी गुळमुळीत सांगितलं, तिकडून बराच आरडाओरडा झाला तो कान बाजूला धरून ऐकला, आणि फोन ठेवून कागदावर सही केली.

"निवडून याल का?" त्यांनी विचारलं.

"मले काय मालूम?" पुष्पाबाई म्हणाली. "उभं राहीन, एवढं मालूम हाय."

परतीच्या बसमध्ये खिडकीची सीट पुष्पाबाईनं घेतली. निवृत्तीराव मधे, शेषराव कडेला, अर्धा सीटवर आणि अर्धा पॅसेजमध्ये. चिखलीच्या स्टँडवर बस थांबली तशी पुष्पाबाईनं पिशवीतून कागद काढला आणि पेन निवृत्तीरावांच्या हातात दिला.

"लेहा. एक नंबर, किनगाव रोडची डीपी. दोन नंबर..."

"इथं? बसमध्ये?"

"मंग कुठी? बस थांबलेली हाय तोवर अक्षर चांगलं येईन."

निवृत्तीरावांनी मांडीवर पिशवी ठेवली, पिशवीवर कागद ठेवला, आणि लिहू लागले. बस सुटली तसं अक्षर वाकडं झालं. शेषराव डोकावून वाचत होता आणि हळूच त्यांच्या कोपराला धक्का देत होता.